सिबिल खालावलेले असताना ट्रकचा चालक-मालक होणे: कागद, कर्ज आणि किलोमीटरचा हिशेब

मालकाच्या गाडीवर दहा-बारा वर्षे काढलेल्या चालकाला रस्ता, माल, वजनकाटा आणि ट्रान्स्पोर्टरची रीत या सगळ्या गोष्टी तोंडपाठ असतात. स्वतःची गाडी घ्यायचे ठरवून तो बँकेत जातो तेव्हा मात्र त्याला एकच वाक्य ऐकायला मिळते, "तुमचे सिबिल बसत नाही," म्हणजे जुन्या कर्जफेडीच्या नोंदीवरून मिळणारे गुण कमी पडतात. त्यानंतर काही जण नाद सोडून देतात, तर काही जण जो कोणी पैसे देईल त्याच्याकडून, तो सांगेल त्या अटींवर घेतात. ही दुसरी वाट अधिक नुकसानीची आहे, कारण तिच्यात अनेकदा गाडीही जाते आणि पुढची काही वर्षेही जातात. या लेखात जी क्रमवार वाट सांगितली आहे, तिचा आग्रह साधा आहे: गाडीही आपल्याच नावावर असावी, कर्जही आपल्याच नावावर असावे, आणि हप्ता वाईट महिन्यातही निघेल एवढाच असावा. या तिन्हींपैकी एक जरी जमत नसेल, तर सहा महिने थांबणे परवडते.

पहिली पायरी: स्वतःचा अहवाल स्वतः वाचणे

"सिबिल" हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण कर्जाची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या भारतात चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार या प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यावा लागतो. तेव्हा कोणत्याही एजंटला पैसे न देता, पॅन क्रमांक आणि मोबाइलवर येणारा ओटीपी वापरून, चारही अहवाल त्या-त्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून आपणच काढावेत. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुण कमी होत नाहीत. याउलट, पाच ठिकाणी कर्जासाठी अर्ज टाकले की प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते, आणि थोड्या दिवसांत झालेल्या अशा अनेक चौकश्या पाहून पुढचा सावकार सावध होतो. म्हणून शोरूममधील एजंटने "सगळीकडे फाइल टाकून बघू" असे म्हटले, तर त्याला आधी थांबवावे.

गुण ३०० ते ९०० या पट्ट्यात असतात. पण गुणांच्या आकड्यापेक्षा खालची खातेनिहाय पाने महत्त्वाची आहेत. प्रत्येक कर्जाखाली महिन्यांची एक जाळी असते, तिच्यात "०००" असेल तर त्या महिन्याचा हप्ता वेळेवर गेला, आणि "०३०", "०६०" असा आकडा असेल तर हप्ता तितके दिवस थकला होता, असा अर्थ होतो. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की ते खाते अनुत्पादक, म्हणजे बँकेच्या लेखी बुडीत होऊ घातलेले, ठरते, आणि तो शिक्का सगळ्यांत जड पडतो. खात्याची स्थिती कशी लिहिली आहे, हेही पाहावे. "क्लोज्ड" म्हणजे कर्ज पूर्ण फिटले. "सेटल्ड" म्हणजे तडजोड करून कमी रकमेत मिटले. "रिटन ऑफ" म्हणजे बँकेने आपल्या हिशेबातून काढून टाकले. पण आपल्या डोक्यावरून ते उतरलेले नसते.

माझ्या ओळखीच्या एका चालकाने आयुष्यात एकच कर्ज घेतले होते आणि ते वेळेवर फेडले होते, तरी त्याला दोन ठिकाणी नकार मिळाला होता. अहवाल उघडला तेव्हा त्यात त्याच्या चुलत भावाच्या ट्रॅक्टरचे कर्ज दिसले. सात वर्षांपूर्वी तो त्या कर्जाला जामीनदार राहिला होता, आणि सही केल्याचे त्याच्या लक्षातही नव्हते. जाळीत सलग अकरा महिने थकबाकीचे आकडे होते. जामीनदाराच्या अहवालातही मूळ कर्जदाराची थकबाकी येते, ही गोष्ट गावाकडे फार थोड्यांना ठाऊक असते. त्याने भावाला सोबत घेऊन त्या कर्जाची उरलेली रक्कम भरली, थकबाकी नसल्याचा दाखला घेतला आणि नंतरच ट्रककडे वळला.

अहवालात चूक आढळली, म्हणजे फिटलेले कर्ज चालू दिसत असेल, दुसऱ्याचे खाते आपल्या नावावर चढले असेल किंवा तारीख चुकली असेल, तर त्याच संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. तक्रारीचा निपटारा ३० दिवसांत झाला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी तक्रारदाराला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने केला आहे. तरीही दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तक्रारीचा क्रमांक आणि तारीख वहीत लिहून ठेवावी.

दुसरी पायरी: जुनी थकबाकी कोणत्या क्रमाने मिटवावी

हाताशी पैसे थोडे असताना सगळी थकबाकी एकदम भरता येत नाही, तेव्हा क्रम ठरवावा लागतो. आधी वाहनाचे जुने कर्ज असेल ते मिटवावे, कारण ट्रकचे कर्ज देणारा सर्वांत आधी तेच पाहतो: या माणसाने मागची गाडी फेडली होती की संस्थेने ती ओढून नेली होती? त्यानंतर छोट्या रकमांची खाती, म्हणजे मोबाइलच्या हप्त्याचे उरलेले अठराशे रुपये किंवा बंद पडलेल्या क्रेडिट कार्डावरची दंडाची रक्कम, मिटवून टाकावीत. रक्कम किरकोळ असली तरी खाते थकीत दिसते आणि अहवालावर डाग राहतो.

वसुलीवाला "अर्ध्यात मिटवून देतो" म्हणतो तेव्हा मोह होतो. पैसेच नसतील तर तडजोड करण्याशिवाय इलाज नसतो, हे मान्य आहे. पण त्या खात्यापुढे "सेटल्ड" हा शब्द बसतो आणि तो वर्षानुवर्षे दिसत राहतो, हे समजून सही करावी. तडजोड आधीच झाली असेल, तर सोडलेली रक्कम नंतर भरून त्या खात्याची स्थिती "क्लोज्ड" करून देण्याची विनंती बँकेला लेखी करता येते. अनेक ठिकाणी ती मान्य होते. कोणतीही रक्कम वसुली एजंटच्या हातात रोख देऊ नये. ती कर्जखात्यात भरावी, पावती घ्यावी आणि थकबाकी नसल्याचा दाखला संस्थेच्या लेटरहेडवर मागून घ्यावा.

तिसरी पायरी: सहा महिने ते वर्षभराची तयारी

हा काळ वाया गेला असे वाटू देऊ नये, कारण पुढचा व्याजदर याच काळात ठरतो. बहुतेक चालकांचा पगार आणि भत्ता रोखीत मिळतो, खात्यावर काही दिसत नाही, आणि कर्ज देणाऱ्याच्या दृष्टीने खात्यावर न दिसणारे उत्पन्न नसल्यासारखेच असते. मालकाला विनंती करून पगार बँकेत घ्यावा; ते शक्य नसेल तर रोख मिळालेली रक्कम ठरलेल्या तारखेला स्वतः जमा करावी. उत्पन्न करपात्र नसले तरी आयकर विवरणपत्र भरावे. दोन वर्षांची विवरणपत्रे फाइलला जोडलेली असली की बोलणी वेगळ्या पातळीवर सुरू होतात.

गुण सुधारण्यासाठी छोटे, तारण असलेले कर्ज घेऊन ते वेळेवर फेडणे, हा चांगला मार्ग आहे. मुदत ठेवीवर मिळणारे क्रेडिट कार्ड किंवा घरातल्या दागिन्यांवरील सोनेतारण कर्ज खराब सिबिल असतानाही मिळते, आणि त्याची वेळेवर झालेली फेड अहवालात चढते. मोबाइल ॲपवरील झटपट कर्जांच्या वाटेला मात्र या काळात अजिबात जाऊ नये.

याच काळात डाउन पेमेंट साठवावे. ज्याचे सिबिल चांगले आहे त्याला गाडीच्या किमतीच्या मोठ्या भागाचे कर्ज मिळते. आपल्याला २५ ते ४० टक्के रक्कम स्वतः घालावी लागेल, असे धरून चालावे. शिवाय तीन हप्त्यांएवढी रक्कम आणि एका मोठ्या दुरुस्तीचा खर्च वेगळा ठेवावा. सगळे पैसे डाउन पेमेंटमध्ये ओतून, खिशात केवळ पहिल्या डिझेलपुरते पैसे ठेवून गाडी बाहेर काढणे, हे पहिल्याच वर्षी गाडी जाण्याचे मोठे कारण असते.

चौथी पायरी: गाडी पाहण्याआधी किलोमीटरचा हिशेब

हा हिशेब कागदावर न मांडता गाडी पसंत करू नये. खालचे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत; आपल्या लाइनचे डिझेल, टोल आणि टायरचे दर त्या जागी घालावेत.

समजा, ९ लाखांची जुनी सहाचाकी घेतली, अडीच लाख स्वतः घातले आणि साडेसहा लाखांचे कर्ज १८ टक्के घटत्या शिलकीच्या (फक्त उरलेल्या मुद्दलावर लागणाऱ्या) व्याजाने ३६ महिन्यांसाठी घेतले. हप्ता साधारण २३,५०० रुपये येतो. गाडी महिन्याला ६,००० किलोमीटर फिरते आणि लिटरला ५ किलोमीटर ॲव्हरेज देते, असे धरू. डिझेल ९० रुपये लिटर धरले तर किलोमीटरला १८ रुपये लागतात. टोल ३ रुपये, टायरची झीज २ रुपये आणि ऑइल व दुरुस्ती २ रुपये धरली, तर गाडी फिरण्याचा खर्च किलोमीटरला २५ रुपये, म्हणजे महिन्याला दीड लाख रुपये होतो. आता गाडी उभी असतानाही लागणारा खर्च पाहू: हप्ता २३,५००, विमा, परमिट, फिटनेस (गाडी चालण्यायोग्य असल्याचा सरकारी दाखला) आणि कर यांचा महिन्याचा वाटा ७,०००, वाटेतला जेवणाखाण्याचा व किरकोळ खर्च ८,००० आणि स्वतःचा पगार २०,०००. ही बेरीज ५८,५०० होते. एकूण २,०८,५०० रुपये, म्हणजे किलोमीटरला सुमारे पावणेपस्तीस रुपये.

आता यातली गोम लक्षात घ्यावी. ६,००० पैकी २,००० किलोमीटर रिकामी फेरी झाली, तर भाडे केवळ ४,००० किलोमीटरचे मिळते, आणि त्या प्रत्येक किलोमीटरला ५२ रुपयांहून अधिक मिळाले तरच हिशेब जुळतो. ज्या लाइनवर जाताना माल आहे पण येताना नाही, तिथे जातानाचे भाडे कितीही आकर्षक वाटले तरी फसगत होते. जालन्याहून स्टील किंवा चंद्रपूर पट्ट्यातून सिमेंट उचलणाऱ्याने उतरवण्याच्या गावाहून काय मिळेल, हे गाडी घेण्याआधीच चार चालकांना विचारून ठेवावे. चाकणसारख्या औद्योगिक भागातील किंवा उरणच्या जवाहरलाल नेहरू बंदराच्या कामात फेऱ्या नियमित मिळतात, पण तिथे थांबावेही बरेच लागते, आणि थांबलेल्या गाडीचाही हप्ता चालूच असतो.

स्वतःचा पगार हिशेबात धरायचा, हा मुद्दा अनेकांना पटत नाही. "मीच चालवणार, मग पगार कशाचा?" असा प्रश्न येतो. दुसऱ्याच्या गाडीवर गेलो असतो तर जी रक्कम मिळाली असती, तीही जर स्वतःच्या गाडीतून निघत नसेल, तर आपण गाडीचे मालक नसून तिच्या कर्जाचे बिनपगारी चालक आहोत, एवढे तरी त्या ओळीवरून कळते.

पाचवी पायरी: गाडीची निवड आणि तपासणी

खालावलेल्या सिबिलवर पहिलीच गाडी नवी बाराचाकी घेण्याचा हट्ट धरू नये. छोट्या गाडीपासून सुरुवात करण्याची सोय कायद्यातही आहे. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. आणि ७,५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे. जड गाडीसाठी परिवहन वाहनाचा परवाना हवा. त्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान वर्षभर जुना असावा लागतो. हा परवाना पाच वर्षांनी नूतनीकरणाला येतो; गाडी घेण्याच्या धांदलीत तो संपून जाणार नाही, याकडे लक्ष ठेवावे.

जुनी गाडी पाहताना वय हा पहिला निकष ठेवावा. राष्ट्रीय परमिट साध्या मालगाडीला १२ वर्षांपर्यंत आणि मल्टीॲक्सलला (दोनपेक्षा अधिक ॲक्सलच्या गाडीला) १५ वर्षांपर्यंतच मिळते; त्यामुळे दहा वर्षांची गाडी तीन वर्षांच्या कर्जावर घेतली, तर कर्ज फिटण्याआधीच परराज्याची वाट बंद होते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते. बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाच्या जुन्या मानकाची) गाडी स्वस्त मिळते आणि तिला धूर स्वच्छ करण्यासाठीचा युरिया लागत नाही, म्हणून ती अनेकांना बरी वाटते. मात्र दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस-४ मालगाड्यांना दिल्लीत ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच प्रवेश आहे. उत्तरेची लाइन करणाऱ्याने बीएस-६ च पाहावी.

गाडी पाहायला भल्या सकाळी, न कळवता जावे. विक्रेत्याने आधीच चालू करून गरम केलेले इंजिन सगळे दोष झाकते. थंड इंजिन पहिल्या सेल्फला लागते का, धूर पांढरा येतो की निळसर, आणि चालू इंजिनवर ऑइलचे झाकण उघडल्यावर धुराचा फवारा कितपत येतो, हे पाहावे. निळसर धूर आणि झाकणातून जोराचा फवारा ही इंजिन कामाला आल्याची खूण आहे, आणि ते काम लाखाच्या घरात जाऊ शकते. मग गाडीखाली आडवे होऊन चेसिसच्या दोन्ही पट्ट्या हाताने चाचपाव्यात. पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) हँगरजवळ नवा रंग मारलेला दिसला की तिथे नख फिरवावे. वेल्डिंगची शिवण रंगाखाली हाताला लागते. अशी गाडी ओव्हरलोड चाललेली असते. पुढचे टायर एकाच कडेने झिजलेले असतील, तर ॲक्सल किंवा किंगपिनचे काम आहे. रिमोल्ड (जुन्यावर नवा रबरी थर चढवलेले) टायर मागे चालतात, पण त्यांची किंमत नव्या टायरची लावू देऊ नये.

कागदांची तपासणी तितकीच बारकाईने व्हावी. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून बोजा (गाडीवरच्या कर्जाची नोंद) कोणाचा आहे, कर कुठपर्यंत भरला आहे, फिटनेस आणि विमा कधी संपतो आणि ई-चलने किती थकली आहेत, हे पाहून घ्यावे. चेसिसवर कोरलेला क्रमांक आणि आरसी बुकावरचा क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी जुळवावा. आधीच्या कर्जाचा बोजा असेल, तर त्या संस्थेचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. गाडी नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात, आणि गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ ची ना-हरकतही लागते.

सहावी पायरी: कर्ज कोणाकडून आणि कोणत्या अटींवर

राष्ट्रीयीकृत बँकेपेक्षा वाहनकर्ज देणाऱ्या वित्तसंस्था अशा अर्जाकडे अधिक मोकळेपणाने पाहतात. श्रीराम फायनान्स, चोलामंडलम, महिंद्रा फायनान्स, सुंदरम फायनान्स अशा संस्था जुन्या व्यावसायिक गाड्यांना कर्ज देतात. त्या गाडीची किंमत, चालकाचा अनुभव, घराचा पत्ता आणि जामीनदार या गोष्टीही तोलतात. मुद्रा योजनेत मालवाहू गाडीसाठीही कर्ज मिळू शकते आणि त्याला तारण लागत नाही. पण बँक अहवाल पाहतेच, म्हणून आधीच्या तीन पायऱ्या झाल्यावरच तिथे जावे. महाराष्ट्रातील मागासवर्गीय आणि आर्थिक मागास घटकांसाठीच्या विकास महामंडळांच्या योजनांची चौकशी जिल्हा कार्यालयात अवश्य करावी. अण्णासाहेब पाटील महामंडळासारख्या ठिकाणी व्याजाचा परतावा मिळतो, आणि आपल्या व्याजदराला तो मोठा आधार ठरतो.

सहकर्जदार म्हणून पत्नीचे किंवा मुलाचे नाव घालता येते. बचत गटाचे कर्ज नियमित फेडलेल्या महिलेचा अहवाल अनेकदा घरात सगळ्यांत स्वच्छ असतो. पण सहकर्जदार ही केवळ सही नव्हे, हप्ता चुकला तर तिचाही अहवाल बिघडतो, हे घरात बसून नीट बोलून मगच ठरवावे.

व्याजाचा दर विचारताना "फ्लॅट की घटत्या शिलकीवर?" हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारावा. फ्लॅटमध्ये मुद्दल कमी होत गेले तरी व्याज शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवरच लागते. दहा लाखांचे कर्ज चार वर्षांसाठी "दहा टक्के फ्लॅट" दराने दिले, तर व्याज चार लाख होते आणि हप्ता २९,१६७ रुपये येतो. घटत्या शिलकीच्या हिशेबाने हाच दर सुमारे साडेसतरा टक्के भरतो. म्हणजे एकाने "दहा फ्लॅट" आणि दुसऱ्याने "सोळा घटत्या शिलकीवर" सांगितले, तर दुसराच स्वस्त आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जांसाठी मुख्य तथ्यांचे विवरणपत्र देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व शुल्के धरून वार्षिक खर्चाचा एकच दर लिहिलेला असतो. दोन संस्थांची तुलना त्याच आकड्यावरून करावी. विमा, फाइल चार्ज, मूल्यांकन यांच्या नावाखाली कर्जातून आधीच किती रक्कम कापली जाणार, मुदतीआधी कर्ज फेडले तर किती शुल्क लागेल आणि उशिराचा दंड किती, हे तिन्ही आकडे लेखी घ्यावेत. कोऱ्या धनादेशांवर सही करून देऊ नये. धनादेश द्यावेच लागले, तर त्यांवर संस्थेचे नाव लिहावे, क्रमांक टिपून ठेवावेत आणि किती धनादेश दिले याची पोच घ्यावी.

हप्त्याची तारीखही मागून घेता येते. भाड्याचे बॅलन्स साधारण ज्या आठवड्यात हातात येते, त्यानंतरची तारीख निवडावी.

नोटरीवर चालवायला मिळणाऱ्या गाडीविषयी

सिबिल खराब असलेल्या माणसाकडे हा प्रस्ताव हमखास येतो, म्हणून त्यावर स्वतंत्रपणे लिहीत आहे. कुणाची तरी कर्जावरची गाडी असते, त्याला हप्ते झेपत नाहीत, आणि तो म्हणतो, "मला दोन लाख दे, पुढचे हप्ते तू भर, कर्ज फिटले की गाडी तुझ्या नावावर करतो." शंभर-पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी होते आणि गाडी ताब्यात मिळते. व्यवहार सोपा असल्यामुळेच माणसे त्यात अडकतात.

यात आपण भरलेला प्रत्येक हप्ता दुसऱ्याच्या अहवालात जमा होतो, म्हणजे तीन वर्षे इमानाने पैसे भरूनही आपले सिबिल आहे तिथेच राहते. कर्ज देणाऱ्या संस्थेच्या संमतीशिवाय गाडी दिल्याने मूळ कराराचा भंग होतो आणि संस्था गाडी उचलू शकते. विमा जुन्या मालकाच्या नावावर असल्याने अपघातात गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. मूळ मालकाचे दुसरे कर्ज थकले, तो वारला किंवा त्याची नियत फिरली, तर आपल्या हातात फक्त नोटरीचा कागद उरतो. गाडी देणाऱ्यालाही यात धोका आहेच: नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक मानला जाईल, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. अशी गाडी खरोखरच चांगली असेल, तर दोघांनी मिळून त्या वित्तसंस्थेत जावे आणि कर्ज आपल्या नावावर वर्ग करून मागावे. संस्था नाही म्हणाली, तर त्या गाडीचा विचार सोडावा.

सातवी पायरी: रस्त्यावर उतरण्याआधीचे कागद

राष्ट्रीय परमिटचे एकत्रित शुल्क वर्षाला १६,५०० रुपये आहे. गाडी राज्यातच फिरणार असेल, तर राज्याचे परमिट पुरेसे असते. जुनी गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत विमाही आपल्या नावावर करून घेण्याचा अर्ज द्यावा. विमा केवळ थर्ड पार्टीचा घेऊन पैसे वाचवण्याचा विचार कर्जाच्या गाडीबाबत करू नये. पूर्ण विमा घेताना "आयएमटी २३" हे जोडकलम घातले आहे का, ते पाहावे. ते नसेल तर मालगाडीच्या अपघातात टायर, दिवे, मडगार्ड आणि बंपर यांचे नुकसान साधारणपणे मिळत नाही, आणि अपघातात नेमके हेच भाग आधी जातात. फास्टॅग, पीयूसी आणि चालक-मालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा हे वेळेवर करावेत.

वजनाबाबत तडजोड करू नये. २०१८ मध्ये ॲक्सलच्या वजनाची मर्यादा वाढवण्यात आली, त्यामुळे तीन ॲक्सलच्या गाडीचे कमाल एकूण वजन २५ टनांवरून साडेअठ्ठावीस टनांपर्यंत गेले. पण आपल्या आरसीवर जो आकडा आहे तोच आपल्यासाठी खरा. ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. म्हणजे दोन टन जादा माल घेऊन पकडले गेलो, तर महिन्याचा हप्ता एका काट्यावर जातो.

आठवी पायरी: भाडे, पोहोच आणि कर

सुरुवातीला थेट कंपनीचे काम मिळत नाही, ट्रान्स्पोर्टर किंवा दलालामार्फतच माल मिळतो. भाडे ठरवताना एकूण रक्कम, ॲडव्हान्स किती, बॅलन्स पोहोच पावतीनंतर किती दिवसांत, वाराई आणि हमाली कोणाकडे, आणि किती तासांनंतर हॉल्टिंग (गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे) सुरू होणार, हे पाचही मुद्दे मोबाइलवर संदेश पाठवून पक्के करावेत. तोंडी ठरलेले हॉल्टिंग सहसा मिळत नाही. पोहोच पावतीवर शिक्का, सही, तारीख आणि मालाची कमी-जास्त नोंद जागेवरच घ्यावी, तिचा फोटो काढावा आणि मूळ प्रत स्वतः नेऊन द्यावी. ५०,००० रुपयांपेक्षा अधिक किमतीच्या मालाला ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन काढलेला जीएसटीचा कागद) लागते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाख आहे. त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते; गाडी वाटेत बिघडली, तर मुदत संपण्याआधी ट्रान्स्पोर्टरला कळवून ती वाढवून घ्यावी.

उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारी नोंदणी) मोफत आहे आणि ती पहिल्याच आठवड्यात करावी. सूक्ष्म उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या पुढे थकवणाऱ्याला बँक दराच्या तिप्पट व्याज द्यावे लागते, अशी तरतूद सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात आहे. बिलावर उद्यम क्रमांक लिहिलेला असला, तर पैसे मागताना त्याचा उपयोग होतो.

स्वतः बिल्टी (माल वाहून नेण्याची पावती) न काढता गाडी ट्रान्स्पोर्टरला भाड्याने देणाऱ्या मालकाला त्या भाड्यावर जीएसटी लागत नाही. दहापर्यंत गाड्या असलेल्या मालकाने पॅन आणि तसे घोषणापत्र दिले, तर भाड्यातून टीडीएस कापला जात नाही. हे घोषणापत्र प्रत्येक ट्रान्स्पोर्टरकडे वर्षाच्या सुरुवातीलाच द्यावे. आयकरासाठी गाडीच्या वजनावर आधारलेली अनुमानित उत्पन्नाची सोय आहे. १९६१ च्या कायद्यात ती कलम ४४एई खाली होती. १२ टनांहून अधिक एकूण वजनाच्या गाडीचे उत्पन्न टनाला महिन्याला १,००० रुपये धरले जाते, आणि त्याखालच्या गाडीचे महिन्याला ७,५०० रुपये. हिशेबाच्या वह्या ठेवण्याचे बंधन त्यात नसते. तरीही किलोमीटरची वही आपल्यासाठी ठेवावीच, आणि विवरणपत्र दरवर्षी भरावे, कारण दुसऱ्या गाडीच्या वेळी तेच कामाला येते.

हप्ता अडण्याची वेळ आली तर

चालकाचे आजारपण, इंजिनचे काम, पावसाळ्यातला मंद हंगाम, यांतले काहीतरी कर्जाच्या मुदतीत येतेच. ज्या दिवशी हप्ता जमणार नाही असे दिसू लागते, त्या दिवशी शाखेत स्वतः जावे आणि अर्ज लेखी द्यावा. हप्ता चुकल्यानंतर फोन न उचलणाऱ्यापेक्षा आधी येऊन सांगणाऱ्याला तारीख बदलून मिळण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. थकबाकी ३० दिवसांच्या आत भरली गेली तर नुकसान आटोक्यात राहते. ९० दिवसांची रेषा मात्र कोणत्याही परिस्थितीत ओलांडू देऊ नये, प्रसंगी दागिने तारण ठेवावे लागले तरी चालेल. वसुली एजंटने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आणि गाडी ताब्यात घेण्याआधीची नोटीस, तसेच विक्रीआधी कर्जदाराला मिळणारी शेवटची संधी, या गोष्टी करारात लिहिलेल्या असाव्या लागतात. आपला करार मराठी जाणणाऱ्या वकिलाकडून एकदा वाचून घेतलेला असला, तर रस्त्यात गाडी अडवणाऱ्यासमोर काय बोलायचे, हे ठाऊक असते.

हप्ता काढायच्या ओढीने सलग रात्री गाडी हाकणे हा उपाय नाही, हे मी काकुळतीने सांगतो. डोळा लागला तर हप्ता, गाडी आणि माणूस तिन्ही जातात. दोन रात्री गाडी चालली की तिसरी झोपेची, हा नियम हिशेबाच्या वहीतच लिहून ठेवावा आणि फेऱ्यांची आखणी त्यावरून करावी.

शेवटचा हप्ता गेल्यावर काम संपत नाही. संस्थेकडून एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घ्यावा, दिलेले धनादेश मोजून परत घ्यावेत आणि एनओसीची मुदत संपण्याआधी आरटीओत जाऊन आरसीवरचा बोजा उतरवून घ्यावा. विमा पॉलिसीवरही कर्जदात्या संस्थेचे नाव असते. ते काढले नाही, तर पुढच्या अपघाताच्या दाव्याच्या वेळी अडचण येते. दोन महिन्यांनी चारही अहवाल पुन्हा काढावेत आणि ट्रकच्या खात्यापुढे "क्लोज्ड" लिहिलेले आहे, याची खात्री करून त्याची छापील प्रत आरसी बुकाच्या पिशवीत ठेवावी.